उलीची रेघ कोणाची?

नायजेरियाच्या आग्नेय भागातल्या इग्बो समाजात उली ही बायकांची कला होती. विशिष्ट झाडांच्या फळांचा रस काढून त्या अंगावर, आणि मातीच्या रंगांनी घरांच्या व देवस्थानांच्या भिंतींवर लवचिक रेघा ओढत: वेटोळे घातलेला साप, कोलाफळ, चंद्रकोर. अंगावरची नक्षी काही दिवसांत फिकी पडे, भिंतीवरची पावसाने धुऊन जाई, आणि त्याची हळहळ कोणाला नसे. ओवेरी भागात भूदेवी अलासाठी मातीच्या मूर्तींनी भरलेली ‘म्बारी’ नावाची वास्तू उभारत, तीही पूर्ण झाली की डागडुजी न करता जमिनीत विरू देत. देवीला अर्पण व्हायचे ते उभारणीचे कष्ट. पुढे मिशनरी आले, नवा धर्म आणि अंगभर कपडे आले, सिमेंटच्या भिंती आल्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उली ओसरत गेली.

यापुढची हकिगत बहुधा पुनरुज्जीवनाची म्हणून सांगितली जाते. 1958 मध्ये झारियाच्या कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी एक मंडळ काढले. त्यांच्यातल्या उचे ओकेके यांनी 1960 मध्ये आपली आणि परकी परंपरा स्वतःच्या निवडीने एकत्र आणण्याचा विचार मांडला. बियाफ्राच्या यादवी युद्धानंतर (1967–70) न्सुक्का विद्यापीठात त्यांनी उलीला अभ्यासक्रमात आणले आणि तिथून चित्रकारांची एक अख्खी पिढी घडली. पण ओकेके यांना उलीची रेघ मिळाली ती आईकडून. ती स्वतः उली काढणारी होती. 1997 मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने न्सुक्काच्या सात कलावंतांचे प्रदर्शन भरवले; त्यांत स्त्री एकच, अ‍ॅदा उडेचुक्वू. बायकांच्या कलेचा वारसा सांगणाऱ्या यादीत हे प्रमाण मला खटकते. जुन्या कलाकार सही करत नसत, मग त्यांची नावे आणायची कुठून, असा प्रश्न कोणी करेल. पण सही नसली म्हणजे कर्तृत्व अनामिक होत नाही; कोणाचा हात चांगला, हे गावाला ठाऊक असे. ती माहिती टिपून ठेवण्याची निकड फार थोड्यांना वाटली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: विरून जाणारी कला कागदावर कायमची झाली, तर तिचे इग्बोपण उरते का? माझ्या मते उरते, कारण न्सुक्काच्या चित्रकारांनी नुसती चिन्हे उचलली नाहीत. मोजक्या रेघा काढाव्यात आणि मोकळ्या जागेला बोलू द्यावे, हा उलीचा संयम त्यांनी आत्मसात केला. त्यांच्यातल्याच ओबिओरा उडेचुक्वू यांनी याच रेघेने युद्धातली उपासमार आणि निर्वासितांचे हाल चितारले. पूजेची भिंत पावसाने धुतली तर चालते. उपाशी माणसांची साक्ष धुऊन जाणे चालणार नव्हते. गरज बदलली म्हणून माध्यम बदलले, आणि त्यात परंपरेशी प्रतारणा नाही. प्रतारणा होते ती शिकवणाऱ्या बायका नोंदीतून गळतात तेव्हा. ज्या संग्रहालयांत ही चित्रे आहेत, त्यांनी चित्रकाराच्या नावाखाली तो ही रेघ कोणाकडून शिकला, हेही लिहावे.