पूर्णांक अवयवीकरणांचे विदागार

पूर्णांक अवयवीकरणांचे विदागार म्हणजे मोठ्या संयुक्त संख्या आणि त्यांचे आजवर सापडलेले मूळ अवयव यांचा, अनेक अभ्यासकांनी मिळून वाढवलेला व सर्वांना खुला असलेला संग्रह होय. असे संग्रह पूर्वी छापील सारण्यांच्या रूपात असत. आता ते मुख्यतः महाजालावर आहेत. नाशिकजवळील देवळाली येथील गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांची संपूर्ण यादी करतानाही या संग्रहांचा थेट उपयोग होतो.

गरज

दोन मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे असते. परंतु गुणाकारावरून त्या संख्या शोधणे अतिशय कठीण असू शकते. एकदा अवयव हाती आले की त्यांची पडताळणी मात्र क्षणात होते. त्यामुळे एकाने केलेले दीर्घ गणन नोंदवून ठेवल्यास इतरांना ते पुन्हा करावे लागत नाही.

२^६७ − १ ही संख्या याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. मेर्सेन यांनी १६४४ मध्ये ती मूळ असल्याचे म्हटले होते. १८७६ मध्ये ल्युका यांनी ती संयुक्त असल्याचे सिद्ध केले, पण अवयव सापडले नव्हते. १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी ते दिले:

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७ = १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७

इतिहास

या परंपरेतील महत्त्वाचे नाव अ‍ॅलन कनिंगहॅम (१८४२–१९२८) यांचे आहे. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांचे हे पुत्र दिल्लीत जन्मले आणि रुडकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात अध्यापक होते. १९२५ मध्ये त्यांनी एच. जे. वुडॉल यांच्यासह २, ३, ५, ६, ७, १०, ११ व १२ या पायांच्या घातांत १ मिळवून किंवा वजा करून येणाऱ्या संख्यांच्या अवयवांची सारणी प्रसिद्ध केली. डी. एच. लेमर आदींनी ते काम पुढे चालवले. १९८३ मध्ये त्याची विस्तारित आवृत्ती निघाली. 'कनिंगहॅम प्रकल्प' या नावाने ते आजही सुरू आहे.

१९९४ मध्ये 'आरएसए-१२९' या १२९ अंकी संख्येचे अवयवीकरण सुमारे ६०० स्वयंसेवकांनी महाजालाद्वारे आपले संगणक वापरून पूर्ण केले. पुढे 'फॅक्टरडीबी' हे विदागार उभे राहिले. त्यात कोणीही संख्या विचारू शकतो व सापडलेला अवयव नोंदवू शकतो.

रचना व कामकाज

विदागारात प्रत्येक संख्येपुढे तिची स्थिती नोंदलेली असते: मूळ असल्याचे सिद्ध, बहुधा मूळ, पण सिद्धता नाही, संयुक्त व पूर्ण अवयवीकरण ज्ञात, संयुक्त व काही अवयव ज्ञात, संयुक्त, पण एकही अवयव ज्ञात नाही, किंवा स्थिती अज्ञात. कोणी अवयव सादर केल्यास प्रणाली भागाकार करून तो तपासते. त्यामुळे नोंद करणाऱ्यावर विश्वास ठेवण्याची गरज उरत नाही.

एक नोंद अनेक संख्यांना उपयोगी पडते. न चा विभाजक म असेल, तर १०^न − १ या संख्येला १०^म − १ ने निःशेष भाग जातो; म्हणून लहान घाताचे अवयव मोठ्या घातासाठी आयते मिळतात. उरलेल्या भागासाठी पोलार्ड यांच्या पद्धती, विवृत्तीय वक्र पद्धत आणि संख्याक्षेत्र चाळणी वापरतात. काही प्रकल्पांत निष्फळ ठरलेल्या प्रयत्नांचीही नोंद ठेवली जाते. कोणत्या आकारापर्यंतचे अवयव शोधून झाले, हे त्यावरून इतरांना कळते.

कापरेकर संख्यांशी संबंध

डहाणू येथे १९०५ मध्ये जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ या काळात देवळाली येथे शिक्षक होते. कापरेकर संख्येच्या वर्गाचे दोन भाग करून त्यांची बेरीज केल्यास मूळची संख्या परत मिळते. उदाहरणार्थ, ४५ चा वर्ग २०२५ व २० + २५ = ४५; तसेच २९७ चा वर्ग ८८२०९ व ८८ + २०९ = २९७.

क या संख्येच्या वर्गाचा उजवा भाग न अंकी असेल, तर क × (क − १) या गुणाकाराला १०^न − १ ने भाग जातो. लगतच्या दोन संख्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसतो. म्हणून १०^न − १ मधील प्रत्येक मूळ अवयवाचा संपूर्ण घात क किंवा क − १ यांपैकी एकातच असावा लागतो. ९९ = ९ × ११ यावरून १, ४५, ५५ व ९९ या चारच संख्या मिळतात. ९९९९९९ = ३^३ × ७ × ११ × १३ × ३७ यात पाच भिन्न मूळ संख्या असल्याने न = ६ साठी २^५, म्हणजे ३२ संख्या मिळतात. डग्लस इयानुची यांनी हा संबंध २००० मध्ये मांडला. त्यामुळे १०^न − १ चा एखादा संयुक्त भाग फोडायचा राहिला असेल, तर न साठीची कापरेकर संख्यांची यादीही अपुरी राहते.

कापरेकरांनी अभ्यासलेल्या डेम्लो संख्यांनाही हे लागू पडते. १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या १११११११११ चा वर्ग आहे आणि १११११११११ = ३^२ × ३७ × ३३३६६७; यावरून तिचे अवयव लगेच मिळतात.

मर्यादा

'बहुधा मूळ' ही नोंद सिद्धता नव्हे. अशी संख्या पुढे संयुक्त निघण्याची शक्यता गणितीदृष्ट्या शिल्लक असते. आरएसए कूटलेखनाची सुरक्षितता अवयवीकरणाच्या काठिण्यावर अवलंबून आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये 'आरएसए-२५०' या २५० अंकी संख्येचे अवयव सापडले. २०४८ बिटांच्या किल्लीतील संख्या मात्र ६१७ अंकी असते. खुल्या विदागारातील नोंद सर्वांना दिसत असल्याने वापरातील किल्लीचे अवयव तेथे नोंदले गेल्यास ती किल्ली निरुपयोगी ठरते.

हे सुद्धा पहा

* दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर
* कापरेकर संख्या
* मूळ संख्या
* मेर्सेन मूळ संख्या