विश्लेषण : रस्ता आणि ड्रॅग रेस, दोन्हींसाठी एकच मोटार, मग सुरक्षा हार्नेस कसा निवडायचा?

आठवडाभर ऑफिसला नेणारी मोटार सुट्टीच्या दिवशी ड्रॅग रेसमध्ये उतरवण्याची हौस अमेरिकेत जुनी आहे. भारतातही ती आता नवी राहिलेली नाही. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या ‘द व्हॅली रन’सारख्या स्पर्धांमध्ये अशा मोटारी दिसल्या आहेत. इंजिनची ताकद वाढवली, चांगले टायर घातले, की पुढची खरेदी बहुतेक वेळा रंगीत पट्ट्यांच्या रेसिंग हार्नेसची असते. मात्र चुकीच्या मोटारीत बसवलेला हार्नेस मूळ सीट बेल्टपेक्षा जास्त धोकादायक ठरू शकतो. तो कसा, आणि निवड करताना काय पाहायचे, याचा हा आढावा.

मूळ सीट बेल्ट आणि हार्नेसमध्ये फरक काय?

आज प्रत्येक मोटारीत दिसणारा तीन बिंदूंचा सीट बेल्ट व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोहलिन यांनी 1959 मध्ये आणला. एरवी तो सैल असतो, त्यामुळे चालकाला वाकता-वळता येते. अपघातात मात्र तो जागीच अडकतो. नव्या मोटारींत तो एअरबॅगच्या जोडीने काम करेल अशा बेताने तयार केलेला असतो. हार्नेस मात्र चार, पाच किंवा सहा ठिकाणी बांधलेला असतो आणि चालकाला सीटला घट्ट जखडून ठेवतो.

ही घट्ट पकडच अडचणीची ठरू शकते. मोटार उलटून छत खाली दबले, तर साध्या बेल्टमधल्या माणसाला थोडे बाजूला झुकायला वाव असतो. हार्नेसमध्ये तो ताठ बसलेलाच राहतो. म्हणून छताला आधार देणारा रोल बार किंवा रोल केज नसेल, तर हार्नेस लावू नये, असे जाणकार सांगतात. हार्नेस, रोल बार, रेसिंग सीट आणि मानेचे संरक्षण हा एकच संच समजावा.

चार, पाच की सहा बिंदू?

दिसायला चांगला आणि बसवायला सोपा म्हणून चार बिंदूंचा हार्नेस लोकप्रिय आहे. पण धडक बसली की खांद्याचे पट्टे कमरेच्या पट्ट्याला वर ओढतात. तो कमरेच्या हाडांवरून सरकून पोटावर येतो आणि चालक त्याखालून पुढे घसरतो. याला ‘सबमरिनिंग’ म्हणतात. यात पोटातील अवयवांना गंभीर इजा होऊ शकते. मांड्यांमधून जाणारा पाचवा पट्टा हे घसरणे रोखतो. सहा बिंदूंच्या हार्नेसमध्ये असे दोन पट्टे असतात. त्यामुळे भार दोन्ही बाजूंना विभागला जातो आणि पकडही चांगली मिळते. मात्र त्यासाठी बैठकीत छिद्र असलेली रेसिंग सीट लागते.

नियम काय सांगतात?

अमेरिकेतील ड्रॅग रेसिंगची प्रमुख संघटना ‘एनएचआरए’ मोटारीच्या वेळेनुसार नियम ठरवते. पाव मैल, म्हणजे सुमारे 402 मीटर अंतर 11.49 ते 10.00 सेकंदांत कापणाऱ्या मोटारीला साधारणपणे रोल बार आणि ‘एसएफआय 16.1’ प्रमाणित हार्नेस लागतो. 9.99 सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागत असेल, किंवा वेग ताशी 135 मैलांवर (सुमारे 217 किलोमीटर) जात असेल, तर रोल केज लागतो. 2008 नंतरच्या, कारखान्यातील सुरक्षा यंत्रणा शाबूत असलेल्या मोटारींना यात काही सवलती आहेत.

लेबलवरची तारीखही महत्त्वाची असते. एसएफआय प्रमाणित पट्टे उत्पादनापासून दोन वर्षांनी बदलावे लागतात. ‘एफआयए 8853-2016’ मानकाच्या हार्नेसची मुदत साधारण पाच वर्षांची असते आणि ती लेबलवर छापलेली असते. ऊन आणि घर्षणाने पट्ट्याचे धागे कमकुवत होतात. म्हणून मुदत संपलेला, वीण उसवलेला किंवा अपघातात ताण बसलेला हार्नेस वापरू नये. बाजारात नामांकित ब्रँडच्या नकलाही मिळतात. त्यामुळे फार स्वस्त माल घेण्याआधी लेबल नीट तपासावे.

बसवताना चूक कुठे होते?

सर्वाधिक चुका खांद्याच्या पट्ट्यांत होतात. अनेक जण ते मागच्या सीटखालच्या बोल्टला बांधतात. असे पट्टे खूप खाली उतरतात आणि धडकेत पाठीचा कणा दाबतात. एफआयएच्या नियमानुसार हा उतार आडव्या रेषेपासून 45 अंशांपेक्षा जास्त नसावा आणि शक्यतो 10 अंशांच्या आतच असावा. म्हणून पट्टे रोल बारच्या आडव्या दांड्याला बांधणे योग्य. कमरेचा पट्टा पोटावर न घेता कमरेच्या हाडांवर बसवावा आणि तोच आधी आवळावा.

मानेचे काय?

हार्नेस धड जखडतो, डोके मात्र मोकळे राहते. 18 फेब्रुवारी 2001 रोजी डेटोना 500 शर्यतीत नासकारचे दिग्गज चालक डेल अर्नहार्ट यांचा कवटीच्या तळाशी फ्रॅक्चर होऊन मृत्यू झाला. त्यांच्या कमरेचा डावा पट्टा तुटल्याचेही चौकशीत आढळले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नासकारने डोके-मान संरक्षक सक्तीचा केला. ‘हान्स’ हा त्यातला सर्वात परिचित प्रकार. तो खांद्यांवर पट्ट्यांखाली बसतो आणि हेल्मेटला दोऱ्यांनी जोडलेला असतो. हान्स वापरायचा असेल, तर त्याला जुळणारे खांद्याचे पट्टेच घ्यावेत.

रोजच्या रस्त्यावर काय वापरावे?

रस्त्यावर मूळ तीन बिंदूंचा बेल्टच लावावा आणि हार्नेस बसवताना तो काढून टाकू नये. रोल बार असलेल्या मोटारीत हेल्मेटशिवाय बसल्यास डोके त्याच्या नळीवर आपटू शकते, म्हणून तिथे जाड पॅडिंग हवे. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, तर कलम 194बी नुसार सीट बेल्ट न लावल्यास 1,000 रुपये दंड आहे.

रोल बार, योग्य सीट आणि मान संरक्षक यांचा खर्च आत्ता परवडत नसेल, तर फक्त हार्नेस घेऊन घाई करू नये. तोवर मूळ बेल्ट लावून, त्या बेल्टवर परवानगी असलेल्या वेळेच्या मर्यादेतच धावणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे.