मटारच्या वेलाचे एक मिनिट

१९१२ साली दादासाहेब फाळके इंग्लंडहून विल्यमसन कॅमेरा घेऊन मुंबईला परतले, तेव्हा त्यांची अडचण यंत्राची नव्हती, भांडवलाची होती. आपल्याकडच्या माणसाला चित्रपट काढता येईल यावर पैसेवाल्यांचा विश्वास बसेना. फाळक्यांनी कुंडीत मटारचे दाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि दाणा रुजून त्याचा वेल होईपर्यंतची वाढ टिपली. पडद्यावर ही सारी वाढ मिनिटाभरात होऊन जाई. 'अंकुराची वाढ' हा लघुपट पाहून यशवंत नाडकर्णी यांनी कर्ज दिले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला. ही हकीकत बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते. तिच्यातले आकडे मात्र क्वचितच कोणी तपासतो.

अनेक ठिकाणी असे लिहिलेले आढळते की फाळक्यांनी महिन्याहून थोडे अधिक दिवस रोज एक चित्र घेतले, आणि लघुपट मिनिटाहून थोडा अधिक चालला. ही दोन विधाने एकत्र नांदू शकत नाहीत. त्या काळी पडद्यावर सेकंदाला साधारण १६ चित्रे दाखवीत. रोज एक याप्रमाणे ३५ दिवसांत ३५ चित्रे होतात, म्हणजे जेमतेम दोन सेकंदांचा खेळ. सावकार खुर्चीत नीट बसण्याच्या आत तो संपला असता! मिनिटभराच्या चित्रपटाला ९६० चित्रे लागतात. ३० दिवसांनी भागले तर दिवसाला ३२, आणि दिवसाचे बारा तास धरले तर दर वीस-बावीस मिनिटांनी एक. तो लघुपट आज उपलब्ध नाही, त्यामुळे चित्रे मोजून पाहण्याची सोय राहिलेली नाही. तरी मिनिटाचा आकडा खरा असेल, तर 'रोज एक' ही गोष्ट सोडून द्यावी लागते. मग दिसतो तो महिनाभर, दिवसातून तीस-तीस वेळा, न चुकता कॅमेऱ्यापाशी जाणारा माणूस. आम्हांला हे चित्र अधिक पटते.

युक्ती अगदी नवी नव्हती. जर्मनीत विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०० च्या सुमारास वनस्पतींच्या हालचाली अशाच टिपल्या होत्या. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांचा फुले उमलताना दाखवणारा चित्रपट १९१० साली आला होता. तत्त्व सोपे आहे: चित्रे घेण्याचा वेग आणि दाखवण्याचा वेग निरनिराळे ठेवले की काळ ताणता किंवा आवळता येतो. फाळक्यांनी तो सुमारे ४३,००० पट आवळला.

हेच तत्त्व पुढे त्यांच्याच चित्रपटावर उलटले. मूकपटांचे कॅमेरे हाताने दांडा फिरवून चालवीत. दांड्याच्या एका फेऱ्यात सहसा आठ चित्रे उमटत आणि सेकंदाला दोन फेरे घेण्याची रीत होती, म्हणून सोळा. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात नेमकी १६ चित्रे मावतात, तेव्हा एक फूट म्हणजे एक सेकंद असा सोयीस्कर हिशेब जमतो. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट होती. म्हणजे ३,७०० सेकंद, तासाहून दोनएक मिनिटे जास्त. पण संदर्भग्रंथांत हा चित्रपट 'सुमारे ४० मिनिटांचा' असल्याचे वाचायला मिळते. ३,७०० फुटांतली ५९,२०० चित्रे सेकंदाला २४ या वेगाने चालवून पाहा: ४१ मिनिटे! चाळीस मिनिटांचा आकडा बहुधा नंतरच्या काळातल्या यंत्राचा आहे, फाळक्यांच्या काळातला नव्हे.

हे २४ आले ध्वनीबरोबर. मूकपटात दांडा थोडा मागेपुढे फिरला तरी डोळा सांभाळून घेतो. कान सांभाळून घेत नाही. ध्वनीची पट्टी चित्रांच्या शेजारीच, त्याच फितीवर छापलेली. वेग बदलला की कंपनसंख्या बदलते आणि गाणे बेसूर होते. म्हणून बोलपटांसाठी सेकंदाला २४ हा वेग कायम झाला. 'प्रभात'ने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' काढला तो बोलपट म्हणून. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच, पण आता वेग हातावर नव्हे, मोटारीवर बांधलेला.

पुढे दूरदर्शन आले आणि त्याचा वेग ठरवला विजेने. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे. आमच्या सरावलीच्या पश्चिमेला, बोईसरपलीकडे समुद्रकाठी उभे असलेले तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ साली वीज देऊ लागले, तेही अर्थातच याच आवर्तनसंख्येने. दूरदर्शनची चित्रे विजेच्या आवर्तनांशी जुळती ठेवणे सोयीचे होते, म्हणून पन्नासाच्या निम्मी, सेकंदाला २५ चित्रे. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची, म्हणून तिथे ३०. चोविसाचा चित्रपट पंचविसाने दाखवला की तो सुमारे चार टक्के वेगाने पळतो. अडीच तासांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो आणि सूरही चढतात, जवळजवळ पाऊण श्रुतिपेटी-स्वराने: काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनच्या उंबरठ्यावर जाऊन बसते. दूरदर्शनवर चित्रपट पाहून त्यातल्या गाण्याची पट्टी ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

आज संगणकावरच्या संपादन-प्रणालीत वेग आणि सूर वेगळे करता येतात. ध्वनीचे सेकंदाच्या काही शतांश भागांएवढे तुकडे करून ते एकमेकांवर थोडे चढवून किंवा सरकवून पुन्हा जोडले, की तुकड्यातली कंपने तशीच राहतात आणि एकूण लांबी बदलते. दुसरी रीत कंपनांचे पृथक्करण करून पुन्हा जुळणी करण्याची. ती १९६६ साली बेल प्रयोगशाळेतल्या फ्लॅनागन आणि गोल्डन यांनी मांडली. दोन्ही रीतींना मर्यादा आहेत. फार ताणले तर तबल्याची थाप पसरट होते.

मूकपटाला सुराची काळजी नाही, त्यामुळे वर्गातले काम सोपे आहे. 'राजा हरिश्चंद्र'चे पहिले आणि शेवटचे रीळच हाती आहे, आणि तेही १९१७ च्या नव्या आवृत्तीचे असावे असे काही अभ्यासक मानतात. ते मुलांना दाखवले की मुले हसतात, कारण राजा किल्लीच्या बाहुलीसारखा चालतो. हसे होते ते यंत्राच्या वेगामुळे. मुलांना मात्र वाटते की आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला अभिनय येत नव्हता. प्रत सेकंदाला २५ चित्रांची असेल तर वेग ६४ टक्के ठेवावा, २४ ची असेल तर ६७ टक्के. आधी एकेक चित्र पुढे सरकवून पाहावे. मधूनमधून तेच चित्र दोनदा येत असेल, तर वेग कोणीतरी आधीच सुधारलेला आहे.

१६ हा आकडाही पवित्र मानू नये. केव्हिन ब्राऊनलो या ब्रिटिश इतिहासकाराने १९८० साली दाखवून दिले की दांडा फिरवणाऱ्यांचा वेग बराच बदलता असे आणि चित्रपटगृहात तो अनेकदा आणखी वाढवला जाई. मग खरा वेग ओळखायचा कसा? पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला उत्तर सोपे आहे. सव्वा मीटर उंचीवरून सुटलेली वस्तू अर्ध्या सेकंदात जमिनीवर येते, १९१३ सालीही आणि आजही. तेवढ्या पडण्यात आठ चित्रे मोजली गेली तर वेग १६, दहा मोजली तर २०. उंची शेजारच्या माणसाच्या मापाने अजमावावी लागते, त्यामुळे उत्तर थोडे ढोबळ येते. पण माणसाच्या चालीवरून केलेल्या अंदाजापेक्षा ते भरवशाचे. सराव म्हणून मुलांना आधी मोबाइलवर चेंडू पडतानाचे चित्रण करू द्यावे. सेकंदाला ३० चित्रे असतील तर सव्वा मीटरला पंधरा यायला हवीत.

कुंडीचा प्रयोगही शाळेत जमतो. पालघरकडे मटारऐवजी वाल घ्यावा. भातकापणी झाली की घरोघरी तो असतोच. मोबाइल तिवईला घट्ट बांधावा आणि दर वीस मिनिटांनी एक छायाचित्र असे लावून ठेवावे. खिडकीपासून कुंडी दूर असावी, नाहीतर ढग आला-गेला की पडदा लुकलुकतो. ही सारी छायाचित्रे सेकंदाला १६ या वेगाने चालवली, की वालाचे शेंडे आधाराच्या शोधात गोल गोल फिरताना दिसतात. नुसत्या डोळ्यांना ते कधीच दिसत नाहीत.