दोन सेकंद बाकी होते आणि रेफरीने फाईट थांबवली! चावेझ-टेलर लढतीचा निकाल वेगळा लागला असता का?

बॉक्सिंगची ही क्लिप तुमच्या फीडवर कधी ना कधी येऊन गेली असेल. चेहरा सुजलेला एक बॉक्सर कोपऱ्यात दोरी धरून उभा आहे. पांढऱ्या शर्टातला रेफरी त्याला काहीतरी विचारतोय. बॉक्सर उत्तर देत नाही, बाजूला बघतो. रेफरी दोन्ही हात हलवतो आणि सामना संपतो. स्क्रीनवर वेळ शिल्लक असते फक्त दोन सेकंद.

खाली कमेंट्समध्ये दोन गट ठरलेले. एक म्हणतो, "रेफरीने मॅच चोरली." दुसरा म्हणतो, "रेफरीने जीव वाचवला."

हा वाद १७ मार्च १९९० पासून सुरू आहे. क्रिकेटमध्ये शेवटच्या बॉलवरून भांडणं होतात, तसंच हे. फरक एवढाच की इथे थर्ड अंपायर नव्हता आणि मार खाणाऱ्याचं डोकं खरंखुरं होतं.

तर नेमकं झालं काय होतं?

दोघेही अपराजित

ठिकाण होतं अमेरिकेतल्या लास वेगासचं हिल्टन हॉटेल. एका बाजूला मेक्सिकोचा हुलिओ सेसार चावेझ, वय २७. साठाहून जास्त लढती खेळलेला आणि एकही न हरलेला. मेक्सिकोत त्याला देवासारखं मानायचे. दुसऱ्या बाजूला फिलाडेल्फियाचा मेल्ड्रिक टेलर, वय २३. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये १७ व्या वर्षी सुवर्णपदक जिंकलेला. त्याच्या नावावर व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये एक बरोबरी होती, पराभव एकही नव्हता.

वजनगट १४० पौंड, म्हणजे साधारण साडेत्रेसष्ट किलो. चावेझकडे डब्ल्यूबीसीचा पट्टा, टेलरकडे आयबीएफचा. जिंकेल तो दोन्ही घेऊन जाणार.

दोघांची शैली एकदम उलटी. टेलरचे हात इतके वेगवान की समोरच्याचा एक ठोसा येईपर्यंत याचे चार लागलेले असायचे. चावेझ कमी मारायचा, पण एकेक ठोसा जड. त्यातही बरगड्यांवर, पोटावर. असे ठोसे टीव्हीवर फार दिसत नाहीत, पण शरीर त्यांचा हिशोब ठेवतं.

टेलर जिंकत होता. आणि मोडतही होता.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये रिंगच्या बाजूला तीन जज बसतात. राऊंड जिंकणाऱ्याला १० गुण, हरणाऱ्याला साधारण ९. कुणी खाली पडला तर सहसा त्याला ८. लढत १२ राऊंडची, प्रत्येक राऊंड तीन मिनिटांचा.

अकरा राऊंडनंतर जजच्या कार्डावर काय होतं ते बघा. पहिल्याकडे टेलर १०८, चावेझ १०१. दुसऱ्याकडे टेलर १०७, चावेझ १०२. तिसऱ्याकडे मात्र चावेझ १०५, टेलर १०४. म्हणजे दोन जजच्या मते टेलरने ११ पैकी ९ आणि ८ राऊंड जिंकले होते. तिसऱ्याने नेमकं काय पाहिलं, यावर वेगळा लेख होऊ शकतो.

पण ही कार्डं सामना संपेपर्यंत कुणाला दाखवत नाहीत. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

दरम्यान रिंगमधलं चित्र आकड्यांशी जुळत नव्हतं. टेलर राऊंड जिंकत होता, पण त्याचा चेहरा बघून वाटत होतं की हरणारा हाच. तोंडातून रक्त येत होतं आणि तो ते गिळत होता. डोळे सुजून बंद होत आले होते. चावेझ हरत होता आणि तुलनेने ताजातवाना दिसत होता.

शेवटची काही सेकंदं

बाराव्या राऊंडची वीस सेकंदंही उरली नव्हती, तेव्हा चावेझचा उजवा ठोसा बसला. टेलर कोपऱ्यात खाली गेला.

रेफरी होते रिचर्ड स्टील, त्या काळातले मोठे नाव. त्यांनी मोजायला सुरुवात केली. टेलर दोरीला धरून सहाच्या आसपास उठला. नियमाप्रमाणे उठला तरी आठपर्यंत मोजावंच लागतं आणि या मोजणीत घड्याळ थांबत नाही. आठ झाल्यावर स्टील यांनी विचारलं, ठीक आहेस का? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा उत्तर नाही.

नेमक्या त्याच क्षणी टेलरचे ट्रेनर लू डुवा रिंगच्या कडेवर चढले आणि टेलरने त्यांच्याकडे मान वळवली. राऊंड चालू असताना कॉर्नरमधल्या माणसाने असं चढणं नियमात बसत नाही. पण डुवा चिडले होते, आणि डुवा चिडले की नियम वगैरे मागे राहायचे.

स्टील यांनी हात हलवले. अधिकृत वेळ नोंदली गेली : बारावा राऊंड, २ मिनिटं ५८ सेकंद. चावेझ तांत्रिक नॉकआऊटने विजयी.

स्टील थांबले असते तर?

याचं उत्तर गणित देतं, त्यामुळे इथे वाद घालण्यात फारसा अर्थ नाही.

समजा स्टील यांनी "खेळा" म्हटलं असतं. चावेझ काही पावलं लांब होता. दोन सेकंदांत तिथून येऊन ठोसा मारणं जवळपास अशक्य. बेल वाजली असती. बारावा राऊंड चावेझला १०-८ असा गेला असता. मग पहिल्या जजचं कार्ड ११६-१११ टेलर, दुसऱ्याचं ११५-११२ टेलर, तिसऱ्याचं ११५-११२ चावेझ. दोन विरुद्ध एक. टेलर विजयी, दोन्ही पट्टे त्याचे.

इतकंच काय, तो राऊंड १०-७ गेला असता तरी टेलरच जिंकला असता.

म्हणजे हो, निकाल वेगळा लागला असता. पण लोक भांडतात ते खरं तर दुसऱ्याच प्रश्नावरून : स्टील चुकले का? हे दोन प्रश्न एकच समजले जातात आणि तिथेच सगळा घोळ होतो.

स्टील यांची बाजू

स्टील यांचं म्हणणं तेव्हापासून एकच आहे. घड्याळ बघणं माझं काम नाही. समोरचा माणूस लढू शकतो की नाही, हे बघणं माझं काम आहे. दोनदा विचारलं, उत्तर आलं नाही, मी थांबवलं.

टेलरच्या बाजूने दोन मुद्दे येतात. एक, राऊंडची शेवटची दहा सेकंदं उरली की रिंगच्या खांबावर लाल दिवा लागतो. तो स्टील यांच्या समोर होता, तरी तो दिसला नाही असं ते सांगतात. दोन, टेलर उठून उभा होता आणि मान वळवण्याचं कारण डुवा होते. डुवा चढले नसते तर कदाचित त्याने उत्तर दिलंही असतं. टेलरचं म्हणणंही बदललेलं नाही : मी ठीक होतो.

मला स्वतःला स्टील यांचा युक्तिवाद बळकट वाटतो, पण पूर्ण पटत नाही. किती वेळ उरलाय हे अनुभवी रेफरीला माहीत असायलाच हवं. दुसरीकडे, उरलेल्या सेकंदांवरून "हा लढण्यालायक आहे" असं ठरवायचं, हेही बरोबर नाही. हाच टेलर अशाच अवस्थेत पाचव्या राऊंडमध्ये उभा असता तर लढत थांबवल्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नसतं.

आणि रेफरी उशीर करतो तेव्हा काय होतं, हे लास वेगासने साधारण सात वर्षांपूर्वी पाहिलं होतं. १३ नोव्हेंबर १९८२ ला याच शहरात रे मॅन्सिनीविरुद्ध लढताना दक्षिण कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या राऊंडमध्ये कोसळला आणि काही दिवसांनी मेंदूच्या दुखापतीने गेला. पुढच्या काही महिन्यांत त्याच्या आईने आणि त्या लढतीचे रेफरी रिचर्ड ग्रीन यांनीही आयुष्य संपवलं. नेवाडातल्या प्रत्येक रेफरीला ही गोष्ट पाठ होती.

पंधरा राऊंडची फाईट असती तर?

क्लिपखालच्या भांडणात हा मुद्दा जवळपास कधीच येत नाही.

किमच्या मृत्यूपर्यंत विश्वविजेतेपदाच्या लढती १५ राऊंडच्या असायच्या. त्यानंतर डब्ल्यूबीसीने त्या १२ वर आणल्या आणि बाकीच्या संघटनाही हळूहळू मागे आल्या. म्हणजे टेलर "दोन सेकंदांनी" हरला, ती दोन सेकंदं मुळात एका मेलेल्या बॉक्सरमुळे ठरलेल्या सीमारेषेवरची होती. हीच लढत दहा वर्षं आधी झाली असती तर टेलरपुढे दोन सेकंद नाही, आणखी तीन अख्खे राऊंड असते. त्या अवस्थेत तो ते खेळू शकला असता, असं म्हणणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

म्हणून "टेलर खरा विजेता" हे वाक्य १२ राऊंडच्या नियमात खरं आहे. तेवढ्याच नियमात.

मग खरी चूक कुठे झाली?

आता कार्डांचा मुद्दा. अकराव्या राऊंडनंतरच्या ब्रेकमध्ये टेलर दोन कार्डांवर इतका पुढे होता की बारावा राऊंड त्याने नुसतं लांब राहून, मिठी मारून, पळून काढला असता तरी चाललं असतं. आणि पळणं त्याला जमत होतं, पाय त्याचे चावेझपेक्षा चपळ.

पण कॉर्नरमध्ये डुवांनी त्याला सांगितलं की जिंकायचं असेल तर हा राऊंड घ्यायलाच हवा.

डुवांना वेडं ठरवणं सोपं आहे. पण कार्ड दिसत नव्हतं, आणि समोर चावेझसारखा मोठा स्टार. अशा स्टारला जज झुकतं माप देतात ही भीती बॉक्सिंगमध्ये नवी नाही, आणि तिसऱ्या जजचं कार्ड बघितलं तर ती अगदीच खोटीही नव्हती. तरीही माझ्या मते हा निकाल फिरला तो याच ब्रेकमध्ये. थकलेला, डोळ्यांनी नीट न दिसणारा २३ वर्षांचा मुलगा जड हाताच्या माणसासमोर पुन्हा भिडायला गेला, कारण त्याला तसं सांगण्यात आलं होतं.

थोडा दोष टेलरच्या स्वभावालाही आहे. फिलाडेल्फियाचे बॉक्सर मागे हटत नाहीत, असा त्या शहराचा लौकिक. लांबून खेळता येत असूनही तो रात्रभर चावेझच्या छातीला छाती लावून लढला.

लढतीनंतर त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं. डोळ्याजवळचं हाड मोडलं होतं. भरपूर रक्त पोटात गेलं होतं आणि लघवीतून रक्त येत होतं. यातलं काहीही त्या शेवटच्या दोन सेकंदांत झालेलं नव्हतं. निकाल त्याच्या बाजूने लागला असता तरी टेलर याच हॉस्पिटलमध्ये याच अवस्थेत गेला असता, फक्त दोन पट्टे घेऊन.

"स्टील विकले गेले होते" या थिअरीचं काय?

चावेझचा प्रमोटर होता डॉन किंग. नाव ऐकलं की संशय येतो, हे मान्य. त्यात पाचच आठवड्यांपूर्वी टोकियोत माईक टायसन बस्टर डग्लसकडून हरला होता, तेव्हा रेफरीने हळू मोजलं म्हणून किंगनेच आकांडतांडव केलं होतं. त्यामुळे स्टील किंगचा माणूस, असं बोललं गेलं. पुढे कित्येक वर्षं लास वेगासच्या प्रेक्षकांनी स्टील यांची हुर्यो उडवली.

पण ही थिअरी मांडणारे एक गोष्ट विसरतात. चावेझ आयुष्यात पहिल्यांदा हरला तो २९ जानेवारी १९९४ ला, फ्रँकी रँडलकडून. त्या रात्री रेफरीने कंबरेखाली ठोसे मारल्याबद्दल चावेझचे दोन गुण कापले. ते कापले नसते तर कार्डांवर चावेझ जिंकत होता. चावेझने पराभवाचं खापर रेफरीवर फोडलं.

तो रेफरी होता रिचर्ड स्टील.

पुढे काय झालं?

टेलर लगेच संपला नाही, असं सांगितलं की लोकांना आश्चर्य वाटतं. जानेवारी १९९१ मध्ये त्याने वरच्या वजनगटात आरॉन डेव्हिसला हरवून डब्ल्यूबीएचं विजेतेपद घेतलं. पण वेग कमी होत गेला. १९९२ मध्ये टेरी नॉरिस आणि क्रिसान्तो एस्पान्या या दोघांनी त्याला लढत पूर्ण होण्याआधीच थांबवलं. चावेझशी पुन्हा सामना झाला सप्टेंबर १९९४ मध्ये, तेव्हा आठव्या राऊंडमध्येच सगळं आटोपलं. २००३ मध्ये एचबीओच्या डॉक्युमेंटरीत टेलर दिसला, तेव्हा त्याचं बोलणं इतकं जड आणि अस्पष्ट झालं होतं की बघणाऱ्यांना धक्का बसला. तेव्हा तो चाळिशीलाही पोचला नव्हता.

'द रिंग' मासिकाने ही लढत १९९० ची सर्वोत्तम लढत ठरवली. ती पूर्ण बघायची असेल तर शेवटच्या मिनिटापासून सुरुवात करू नका. नवव्या राऊंडपासून बघा, आणि आवाज बंद करून. दर राऊंडनंतर गुण कुणाला द्याल ते लिहून ठेवा आणि शेजारी एवढंच लिहा, की स्टुलाकडे जाताना कोण कसा चालतोय.