रिब्रीदर : पाण्याखालील श्वासाचे टप्प्याटप्प्याने शिक्षण

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव पुरातन मंदिरे आणि पायऱ्यांच्या बारवेसाठी ओळखले जाते. समुद्रापासून दूर असलेल्या मराठवाड्यात पोहण्याचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या विहिरींतच होत आले. आधी पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा, मग काठाकाठाने सुटे पोहणे आणि शेवटी तळ गाठणारी बुडी. एक टप्पा अंगवळणी पडल्याखेरीज पुढचा नाही, हा त्यातला नियम. 'क्लोज्ड सर्किट रिब्रीदर' या पाण्याखालील श्वसनयंत्राचे शिक्षणही याच नियमाने चालते. मात्र येथे टप्पा गाळला, तर चूक लक्षात येण्याआधीच शुद्ध हरपू शकते.

यंत्राचे कार्य

नेहमीच्या स्कूबा पद्धतीत उच्छ्वास बुडबुड्यांच्या रूपाने पाण्यात निघून जातो. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. त्यापैकी जेमतेम चार-पाच टक्के शरीर वापरते आणि बाकीचा वाया जातो. ३० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असल्याने सिलिंडरही चौपट वेगाने रिकामा होतो.

रिब्रीदरमध्ये उच्छ्वास एका बंद वर्तुळात फिरतो. सोडालाइमच्या डब्यातून जाताना त्यातील कार्बन डायऑक्साइड शोषला जातो. शरीराने वापरला तेवढाच प्राणवायू लहान सिलिंडरमधून पुन्हा मिसळला जातो. 'डायल्युएंट' नावाचा दुसरा वायू खोलीनुसार वर्तुळातील आकारमान टिकवतो. प्राणवायूचा दाब साधारणतः तीन संवेदक मोजत राहतात. बुडबुडे जवळजवळ निघत नसल्याने जलचर बुजत नाहीत आणि पाण्याखाली दीर्घ काळ राहता येते.

पूर्वपीठिका

इंग्लंडमधील हेन्री फ्लूस याने १८७८ च्या सुमारास असे यंत्र तयार केले. १८८० मध्ये अलेक्झांडर लॅम्बर्ट हा पाणबुड्या ते घेऊन सेव्हर्न नदीखालील पाण्याने भरलेल्या बोगद्यात शिरला आणि त्याने तेथील लोखंडी दार बंद केले. या यंत्रात शुद्ध प्राणवायू वापरला जाई. सुमारे सहा मीटरच्या खाली तोच प्राणवायू विषारी ठरून झटके आणू शकतो. १९३९ मधील 'थेटिस' पाणबुडीच्या दुर्घटनेनंतर शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी वायूंच्या अशा परिणामांचे प्रयोग स्वतःवर केले. पुढे ते भारतात स्थायिक झाले, भारतीय नागरिक बनले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले.

हौशी पाणबुड्यांसाठी 'इन्स्पिरेशन' हे ब्रिटिश यंत्र १९९७ मध्ये बाजारात आले आणि तोवर मुख्यतः लष्करी व संशोधन क्षेत्रापुरते असलेले हे तंत्र सर्वांना खुले झाले. त्याची किंमतही मोजावी लागली. १९९८ ते २०१० या काळात जगभरात रिब्रीदर वापरणाऱ्या १८१ हौशी पाणबुड्यांच्या मृत्यूंची नोंद झाली. साध्या स्कूबाच्या तुलनेत हा धोका सुमारे दहापट असल्याचा अंदाज २०१३ मधील एका अभ्यासात मांडण्यात आला.

शिक्षणाचे टप्पे

आरंभ साध्या स्कूबापासूनच होतो. प्राथमिक अभ्यासक्रमात १८ मीटर आणि पुढच्या अभ्यासक्रमात ३० मीटरपर्यंतची मर्यादा असते. त्यानंतर प्राणवायूचे प्रमाण वाढवलेल्या 'नायट्रॉक्स' मिश्रणाचे शिक्षण आणि काही बुड्यांचा अनुभव आवश्यक मानला जातो. मगच रिब्रीदर हाती येतो. पहिला अभ्यासक्रम सर्वसाधारणपणे ३० ते ४० मीटरपर्यंतचा असतो. हेलियमयुक्त मिश्रण वापरून पुढे ६० आणि त्यानंतर १०० मीटरपर्यंतचे टप्पे येतात. प्रमाणपत्र विशिष्ट यंत्रापुरतेच असते. यंत्र बदलले, की त्याचे शिक्षण नव्याने घ्यावे लागते.

अनुभवी पाणबुड्यालाही येथे पुन्हा नवशिका व्हावे लागते. साध्या स्कूबात दीर्घ श्वास घेतला, की शरीर किंचित वर उचलले जाते. रिब्रीदरमध्ये तीच हवा फुप्फुसातून पिशवीत आणि पिशवीतून पुन्हा फुप्फुसात जाते. त्यामुळे ही सवय निरुपयोगी ठरते.

खरा भर मात्र तीन संकटांवर असतो : प्राणवायूची कमतरता, त्याचा अतिरेक आणि कार्बन डायऑक्साइडचा साठा. तिसऱ्यात धाप लागते. पहिल्या दोहोंत बहुधा कोणतीच पूर्वसूचना मिळत नाही. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी तपासणी-यादी वाचून प्रत्येक भाग पाहणे, काही मिनिटे यंत्रातून श्वास घेऊन पाहणे आणि पाण्याखाली प्राणवायूच्या आकड्यावर सतत नजर ठेवणे हे वारंवार घोटून घेतले जाते. सोबत साध्या श्वसनाचा स्वतंत्र सिलिंडर असतो. शंका आली, की कारण शोधत न बसता त्यावर जायचे, हा शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा धडा होय.

महाराष्ट्रातील इच्छुकांना पहिली पायरी सिंधुदुर्गात, तारकर्ली-मालवणच्या किनाऱ्यावर चढता येते. तेथून रिब्रीदरपर्यंतचा प्रवास बऱ्याच बुड्यांचा आहे. पोहायला शिकणाऱ्याने भोपळा किती लवकर सोडला, याला विहिरीत कधी महत्त्व नव्हते; येथेही प्रमाणपत्र किती लवकर मिळाले, याला महत्त्व नाही.