वाडी रत्नागिरी (जोतिबाचा डोंगर)

महाराष्ट्राच्या कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा तालुक्यातील एक गाव व प्रसिद्ध तीर्थक्षेत्र. ते कोल्हापूरच्या वायव्येस सु. १८ किमी.वर, सु. ९५० मी. उंचीच्या डोंगरमाथ्यावर वसले आहे. वस्ती मुख्यत्वे गुरव पुजाऱ्यांची असून गावाचा चरितार्थ पूर्वापार यात्रेकरूंवर चालत आला आहे.

येथील जोतिबा ऊर्फ केदारलिंग हे दैवत रत्नासुराचा वध करून कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या साहाय्यास आले, अशी आख्यायिका आहे. तथापि क्षेत्राचे आजचे वैभव कथेपेक्षा मराठेशाहीतील सरदारांच्या आश्रयाने घडले, असे दिसते. मूळ देवालय किवळच्या नावजी साया या भक्ताने बांधल्याचे सांगतात. त्या जागी १७३० मध्ये राणोजी शिंदे यांनी सध्याचे मंदिर उभारले. शिंदे मूळचे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे. जोतिबा हे त्यांचे कुलदैवत. घराण्याची सत्ता उत्तरेत ग्वाल्हेरीस स्थिरावली, तरी देवाशी असलेला संबंध तुटला नाही. केदारेश्वराचे मंदिर दौलतराव शिंदे यांनी १८०८ मध्ये बांधले. या दोहोंमधील चोपडाईचे देवालय प्रीतिराव चव्हाण हिंमतबहादूर यांचे (१७५०), तर रामलिंगाचे मालजी निलम पन्हाळकर यांचे (सु. १७८०) आहे. डोंगरमाथ्यावर हजारो माणसे जमावयाची, तर देवळांइतकीच पाण्याची सोय महत्त्वाची. यमाई मंदिरासमोरील दोन तीर्थांपैकी एक करवीरच्या राणी जिजाबाई यांनी सु. १७४३ मध्ये बांधविले, तर जमदग्नितीर्थ राणोजींचे आहे.

चैत्री पौर्णिमेच्या यात्रेस सातारा, सांगली आदी भागांतून उंच सासनकाठ्या नाचवीत आणतात; पहिला मान पाडळी (निगडी) येथील काठीचा. कोल्हापूरकरांचा खास आचार मात्र खेट्यांचा. देव हिमालयाकडे परत निघाला, तेव्हा त्याने राहावे म्हणून महालक्ष्मीने अनवाणी पाच खेटे घातले, या श्रद्धेने भाविक माघात सुरू होणारे पाच रविवार पायी जातात. पंचगंगा ओलांडून वडणगे, निगवे, कुशिरे व गायमुख या मार्गाने पहाटेच्या अंधारात ही चाल होते. पायथ्यालगत पोहाळे येथे कोरीव लेणी असल्यामुळे या परिसरातील वावर देवळांहून कितीतरी जुना ठरतो. माथ्यापर्यंत मोटारी जाऊ लागल्या, तरी ही पायवाट ओस पडली नाही. कोरोनाच्या साथीमुळे २०२० व २०२१ साली चैत्र यात्रा भाविकांविना झाली.