एका बेढब शब्दाची चौकशी

अरबीच्या वर्गात मी मुलांना एक शब्द हमखास म्हणायला लावतो: हुअखुअ. ह, ऐन, ख आणि पुन्हा ऐन. सगळी अक्षरं घशातली. पहिल्या रांगेतला खोकतो, मागची रांग हसते. मग मी त्यांना बसऱ्याला घेऊन जातो.

आठव्या शतकात बसरा म्हणजे शब्द गोळा करणाऱ्यांचं मोठं ठाणं. वेशीबाहेर मिरबदचा उंटबाजार भरे. तिथे आलेल्या बदूंना पंडित गाठत, बोलतं करत. शहरी बोलीत सरमिसळ झाली, अस्सल अरबी वाळवंटातच उरली, अशी त्यांची पक्की समजूत.

त्यांतला खलील इब्न अहमद गणिती डोक्याचा. तीन अक्षरांच्या सहा मांडण्या होतात, चारांच्या 24, पाचांच्या 120. त्यांतली कुठली लोकांच्या तोंडी आहे नि कुठली पडीक, हे नोंदवायची योजना त्याने ‘किताब-उल-ऐन’ या कोशासाठी आखली. घशातली अक्षरं एकमेकांशेजारी सहसा नांदत नाहीत, हेही त्याने हेरलं होतं.

आणि या नियमालाच छेद देणारा शब्द कानी आला: एका बदूला कोणी विचारलं, सांडणी कुठे? तो म्हणाला, हुअखुअ चरतेय!

जाणत्या बदूंकडे चौकशी झाली. त्यांनी कानांवर हात ठेवले. कोणी म्हणालं, औषधी झाड आहे. आणखी एक बदू म्हणाला, अहो, तो खुअखुअ. हे रूप निदान अरबीच्या घडणीत बसत होतं.

एरवी जित्या धातूला गोतावळा असतो. लिहिण्याचा क-त-ब घ्या: किताब म्हणजे पुस्तक, कातिब लिहिणारा, मकतब लिहिण्याची जागा, मकतूब लिहिलेलं. हुअखुअला ना क्रियापद, ना कर्ता, ना ठिकाण. एक झाड तेवढं, आणि त्यावरही एकमत नाही. एवढ्यावर कोणीही तो शब्द गाळून टाकला असता. या मंडळींनी तो अमान्य केला, पण कोण काय म्हणालं त्यासकट लिहून ठेवला. माझ्या लेखी कोशकाराची खरी इमानदारी ती.

त्या नोंदीचा पुढे उपयोगही झाला. 1338 मध्ये वारलेल्या खतीब कझवीनीने ‘अल-ईझाह’ या अलंकारशास्त्राच्या ग्रंथात जिभेला जड शब्दाचा नमुना म्हणून हुअखुअच दिला. त्याहून जरा सौम्य नमुना त्याने घेतला तो थेट कविश्रेष्ठ इम्रु-उल-कैसचा. अनाम बदूला याहून मानाची पंगत कुठली मिळणार होती?